‘ज्याचें त्याचें खरें’ : एक विचार

गेल्या वर्षीं दुसऱ्या सत्रांत दहावीच्या वर्गांत निबंधाचा तास चालू होता. निबंधाचा विषय ‘मतभेद’ हा होता. एका हुशार विद्यार्थ्यानें उभें राहून आपल्या निबंधाचा शेवट वाचून दाखविला. त्याचा मथितार्थ असा कीं, जगांत खरें आणि खोटें असें कांहीं नसतें. ज्याला जें वाटतें तें त्याच्यापुरतें खरें. म्हणून कोणीं कोणाशीं वाद घालूं नये. वर्गाला हें फार पटलें. टाळ्याहि पडल्या. त्या विचारांतील सौजन्य आम्हांसहि क्षणभर आवडलें. इतक्यांत मागल्या बाकावरून दुसरा एक विद्यार्थी उठला आणि शांतपणें म्हणाला, “सर, मग पावसाळ्यांत मी पुस्तक चोरलें होतें, हेंहि आपल्यापुरतें खरेंच होतें का?”

वर्ग एकदम स्तब्ध झाला. ह्या प्रश्नाची पूर्वपीठिका सांगणें आम्हांस भाग आहे. जुलै महिन्यांत शाळेच्या ग्रंथालयांतील मोल्सवर्थचा कोश नाहींसा झाला होता. तो शेवटीं ह्याच विद्यार्थ्याच्या हातीं दिसला होता. आमची खात्री पटली आणि आम्हीं त्याला सर्वांदेखत दोष दिला. तो एवढेंच म्हणाला, “सर, आपल्याला तसें वाटतें, पण तसें झालेलें नाहीं.” आठ दिवसांनीं तो कोश बांधणीसाठीं बाहेर काढून ठेवलेल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत सांपडला. आम्हीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली व त्यानें ती मोठ्या मनानें केली. परंतु इतक्या सहज आमची खात्री कां पटली, संशय त्याच्यावरच कां गेला, हें आम्हीं पुढें एकान्तीं स्वतःला विचारलें, तेव्हां मिळालेलें उत्तर सुखावह नव्हतें.

ज्या मतावर वर्गानें टाळ्या दिल्या, त्याला तत्त्वज्ञानांत एक भारदस्त नांव आहे. मराठींत त्यास आत्मनिष्ठतावाद किंवा व्यक्तिनिष्ठतावाद म्हणतात. हें मत काय आहे, त्यांत ग्राह्य किती आणि त्याज्य किती, ह्याविषयीं चार शब्द लिहावे असें त्या दिवसापासून आमच्या मनांत होतें. शिवाय त्या विद्यार्थ्याची घरची भाषा उर्दू आहे. तास संपल्यावर तो आमच्याकडे आला व त्यानें दुसरी एक अडचण सांगितली. ती शब्दांची होती, आणि ती केवळ त्याचीच नव्हे. म्हणून प्रथम शब्दांचा विचार करूं.

मराठी शाळेंत ‘विषय’ म्हणजे गणित, भूगोल इत्यादि. त्यामुळें आमचे पुष्कळ विद्यार्थी आत्मनिष्ठ ह्या अर्थीं ‘विषयनिष्ठ’ असा शब्द ठेवून देतात आणि अर्थ नेमका उलटा होतो. आपल्या शास्त्रांत विषय म्हणजे जाणलेली वस्तु आणि विषयी म्हणजे जाणणारा. शंकराचार्यांनीं आपल्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभींच विषय व विषयी ह्यांतील विरोध अंधार व प्रकाश ह्यांच्या विरोधासारखा सांगितला आहे. तेव्हां आत्मनिष्ठ तें विषयीचें. विषयनिष्ठ म्हणजे वस्तुनिष्ठ, तें विषयाचें.

उर्दूंतील गोंधळ ह्याहून अधिक मौजेचा आहे. तेथें आत्मनिष्ठ ह्यास ‘मौजूई’ व वस्तुनिष्ठ ह्यास ‘मारूजी’ म्हणण्याचा प्रघात आहे. मौजू म्हणजे मांडलेला, ठेवलेला. तर्कशास्त्रांत ज्याच्याविषयीं विधान करावयाचें तो मौजू, म्हणजे आपल्या परिभाषेंतील उद्देश्य. परंतु आजच्या अरबींत तोच शब्द ‘मौदूई’ ह्या उच्चारानें वस्तुनिष्ठ ह्या अर्थीं चालतो आणि आत्मनिष्ठ ह्यास ‘जाती’ म्हणतात! म्हणजे एकच शब्द अरबी ग्रंथांत बाहेरच्या वस्तूकडे बोट दाखवितो व उर्दू ग्रंथांत पाहणाऱ्याच्या मनाकडे. ह्यांत उर्दूला हंसण्याचें कारण नाहीं. युरोपांतहि मध्ययुगीन पंडितांच्या लेखनांत ह्या जोडीचे अर्थ आजच्या अगदीं उलट होते. अठराव्या शतकांत, विशेषतः कांटच्या ग्रंथांनंतर, ते आजच्या रूपांत स्थिरावले.

मग उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्यानें खूणगांठ कोणती बांधावी? आमचें उत्तर असें कीं, ती पुण्याच्या कचेरींतच आहे. अर्ज ‘दाखल’ होतो, म्हणजे आंत येतो. अर्ज ‘खारीज’ होतो, म्हणजे बाहेर जातो. उर्दू काव्याचे टीकाकार ह्याच शब्दांपासून ‘दाखिलियत’ व ‘खारिजियत’ अशी जोडी वापरतात. मनाच्या आंतलें वर्णिणारी ती दाखिलियत, बाहेरचें रूप वर्णिणारी ती खारिजियत. पहिला गुण दिल्लीच्या कवींचा व दुसरा लखनौच्या कवींचा असें मानण्याची परंपरा आहे. ‘अर्ज’ आणि ‘मारूज’ हे तर एकाच धातूचे; पुढें सादर केलेलें तें मारूज. आपण मराठींत ‘साहेबांनीं जातीनें लक्ष घातलें’ म्हणतों, त्यांतील ‘जात’ ही कुळाची जात नव्हे; ती अरबी ‘जात’, म्हणजे स्वतः. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) अथवा माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश (१९२५) उघडून पाहावा, म्हणजे आपल्या दोन्ही घरच्या भाषांत किती सामान सामाईक आहे हें कळेल.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. आत्मनिष्ठतावादाचा उगम एका खऱ्या अनुभवांत आहे. तीन भांडीं घ्या. एकांत ऊन पाणी, दुसऱ्यांत थंडगार व तिसऱ्यांत कोमट. एक हात उन्हांत व दुसरा थंडांत थोडा वेळ धरून मग दोन्ही हात कोमट पाण्यांत घाला. एक हात म्हणेल पाणी गार आहे, दुसरा म्हणेल ऊन आहे. पाणी तर एकच! मग ऊनपणा व गारपणा पाण्यांत आहेत कीं आपल्यांत? इमाम गझाली (मृत्यु ११११) ह्यांनीं अशीच शंका ताऱ्याविषयीं काढली. डोळ्यांना तारा नाण्याएवढा दिसतो. भूमितीचीं प्रमाणें सांगतात कीं तो पृथ्वीहून मोठा आहे. डोळ्यांसारखा विश्वासू साक्षीदार असा फसवितो, तर बाकीच्यांवर भरंवसा कसा ठेवावा? ह्या शंकेनें ते कांहीं काळ अगदीं व्याकुळ झाले होते.

ह्या मार्गावर सर्वांत पुढें गेलेला युरोपीय पंडित म्हणजे आयर्लंडचा जॉर्ज बर्कली (१६८५–१७५३). तो पुढें बिशप झाला. मानवी ज्ञानाच्या तत्त्वांवरील त्याचा ग्रंथ १७१० मध्यें व संवादरूप ग्रंथ १७१३ मध्यें प्रसिद्ध झाला. रंग, रूप, स्पर्श हे सर्व आपल्या मनांतील अनुभव होत. अनुभवाखेरीज निराळें जडद्रव्य मानण्यास आधार नाहीं. पदार्थाचें असणें म्हणजे त्याचें अनुभवास येणें, असें त्याचें प्रतिपादन. आमच्या उर्दूभाषी विद्यार्थ्यांना हें वाचून आनंद होईल कीं, ह्या ख्रिस्ती बिशपाचे हे दोन्ही ग्रंथ उर्दूंत आणण्याचें काम दोन मौलानांनीं केलें. पहिला अब्दुल बारी नदवी ह्यांनीं ‘मबादी-ए-इल्म-ए-इन्सानी’ ह्या नांवानें, आणि दुसरा अब्दुल माजिद दर्याबादी ह्यांनीं ‘मुकालमात-ए-बर्कले’ ह्या नांवानें. नदवी हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवीत. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या त्या विद्यापीठांत उर्दू हें शिक्षणाचें माध्यम होतें. म्हणून मराठवाड्यांतील मराठी घरांतून तेथें गेलेल्या तरुणांनाहि त्या काळीं तत्त्वज्ञान उर्दूंतूनच शिकावें लागे.

आपल्या महाराष्ट्रांतहि ह्या प्रश्नाचा सखोल अभ्यास झालेला आहे. खानदेशांत अमळनेर येथें श्रीमंत प्रतापशेटजींच्या औदार्यानें १९१६ मध्यें तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था निघाली. तेथून १९३० मध्यें कृष्णचंद्र भट्टाचार्य ह्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला; विषयी म्हणजेच स्वातंत्र्य असा त्याच्या नांवाचा भावार्थ आहे. जाणणारा हा कधींहि जाणलेल्या वस्तूंपैकीं एक वस्तु होऊन बसत नाहीं आणि ह्यांतच त्याचें स्वातंत्र्य आहे, असा त्यांतील विचाराचा गाभा ढोबळ मानानें सांगतां येईल. माणसाला निव्वळ वस्तूप्रमाणें मोजूं नये, हा त्यांतील धडा आम्हां शिक्षकांनीं तरी विसरूं नये. वर्गांतील मुलगा ही हजेरीपटावरील नुसती एक ओळ नव्हे. त्याच्या आंतून जग कसें दिसतें हें त्याला विचारल्यावांचून कळत नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. ह्या थोर विचारवंतांपैकीं कोणींहि ‘ज्याला जें वाटेल तें खरें’ असें म्हटलेलें नाहीं. बर्कली स्वच्छ सांगतो कीं, डोळे उघडल्यावर काय दिसावें हें माझ्या इच्छेवर नाहीं. जें मला दिसत नाहीं तें परमेश्वराला दिसत असतें, म्हणून जग टिकून आहे. गझालींचा संशयहि बुद्धीच्या ऐटीनें मिटला नाहीं; ईश्वरानें अंतःकरणांत टाकलेल्या प्रकाशानें तो मिटला असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. शंकराचार्यांनीं तर विज्ञानवादी बौद्धांना उत्तर देतांना म्हटलें कीं, खांब पाहणारा खांब पाहतो, आपलें पाहणें पाहत नाहीं. तेव्हां टाळ्या मिळविणारें जें वाक्य त्या दिवशीं वर्गांत वाचलें गेलें, त्याला ह्या मोठ्या नांवांचा आधार मिळत नाहीं.

तें वाक्य खरें पाहतां ग्रीक पंडित प्रोटॅगोरस ह्याच्या बाजूचें आहे. माणूस हाच सर्व गोष्टींचें माप आहे, असें त्याचें मत होतें. त्यावर प्लेटोनें आपल्या एका संवादांत घेतलेला आक्षेप अजून कोणाच्यानें पुरता दूर झालेला नाहीं. प्रत्येकाचें मत त्याच्यापुरतें खरें असेल, तर ‘प्रोटॅगोरस चुकला’ हें ज्यांचें मत, तेंहि खरेंच मानावें लागेल. मग त्यानें शिष्यांना शिकवावें तें काय?

आमचें मत असें आहे कीं, येथें निरनिराळ्या प्रांतांची सरमिसळ होते. कांहीं गोष्टींत माणसाचा शब्द अखेरचा आहे. माझें डोकें दुखतें कीं नाहीं, आंबा मला फणसाहून गोड लागतो कीं नाहीं, हें दुसरा कोणी ठरवूं शकत नाहीं. येथें ‘ज्याचें त्याचें खरें’ हें अक्षरशः बरोबर आहे, आणि येथें वाद घालणारा मूर्ख ठरेल.

दुसरा प्रांत घडलेल्या गोष्टींचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें आणि मुठेचें पाणी पुण्यांत शिरलें. त्या दिवसाच्या आठवणी घरोघरीं निराळ्या. कोणाला माळ्यावर काढलेली रात्र आठवते, कोणाला वाहून गेलेलें दुकान, कोणाला अनोळखी माणसानें दिलेली भाकरी. त्या सर्व आठवणी आत्मनिष्ठ आहेत आणि म्हणूनच मोलाच्या आहेत. परंतु धरण फुटलें कीं नाहीं, हें आठवणाऱ्यावर अवलंबून नाहीं. ज्याला त्या दिवसाचें कांहींच वाटलें नाहीं, त्याच्यापुरतेंहि तें फुटलेलेंच आहे. पुस्तक कोणीं घेतलें हा प्रश्नहि ह्याच प्रांतांतला. आमची खात्री कितीहि दृढ असली, तरी त्या खात्रीनें गठ्ठ्यांतील कोश मुलाच्या दप्तरांत गेला नाहीं.

तिसरा प्रांत न्याय-अन्यायाचा. येथें आत्मनिष्ठतावादी म्हणतो, चांगलें म्हणजे जें मला आवडतें तें. वाईट म्हणजे जें मला खुपतें तें. स्तुति आणि निंदा ह्या पाहणाऱ्याच्या भावनेंतून उगवतात, हें ह्यूम नांवाच्या स्कॉटिश पंडितानें अठराव्या शतकांत मोठ्या चातुर्यानें दाखविलें. मात्र त्यानेंहि स्वतःच्या लाभाची दृष्टि सोडून सर्वांना साधारण अशा स्थानावरून पाहावें, अशी अट घातली होती. ती अट काढून टाकली तर काय होतें, हें पाहण्यास पुण्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं.

१८४८ मध्यें बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा उघडली. शहरांतील बहुतेक वजनदार लोकांना तें पाप वाटलें, आणि तें त्यांना मनापासून वाटलें, ह्यांत शंका नाहीं. शाळेला जातांना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि खडे फेंकण्यांत आले. आतां ‘ज्याचें त्याचें खरें’ हा न्याय लावा. मुलींना शिकवावें हें फुल्यांपुरतें खरें, शिकवूं नये हें शहरापुरतें खरें. आणि जिला शाळेची पायरीहि दिसली नाहीं त्या मुलीला विचारतो कोण? जेथें सर्वांचेंच खरें असतें, तेथें अखेर ज्याच्या हातांत बळ त्याचेंच चालतें. म्हणून हें मत वरून उदार दिसलें, तरी व्यवहारांत तें दुबळ्याच्या हातांतील एकुलतें एक शस्त्र काढून घेतें. तें शस्त्र म्हणजे, ‘तुम्हांला तसें वाटतें, पण तें तसें नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार. आमच्या विद्यार्थ्यानें जुलै महिन्यांत आमच्यापुढें तेवढेंच शस्त्र वापरलें होतें. दुसरें त्याच्याजवळ होतें काय?

फुल्यांची हकीकत सांगतां सांगतां आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांचें शिक्षण मध्येंच तुटलें होतें. शेजारचे गफार बेग मुनशी व एक ख्रिस्ती गृहस्थ ह्यांनीं वडिलांचें मन वळविलें, तेव्हां ते पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हां जाऊं लागले. पुढें सावित्रीबाईंनीं १८५६ मध्यें जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांत फातिमा हिच्यावर पडणाऱ्या श्रमांचा उल्लेख आला आहे. धर्म निराळे, घरच्या भाषा निराळ्या. परंतु मुलाला शिकविणें हें चांगलें, हें त्यांतील प्रत्येकाला ‘आपल्यापुरतें’ खरें वाटत नव्हतें. तें सर्वांपुरतें खरें वाटत होतें, म्हणून ते एकमेकांच्या दारांत गेले. आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजीं फुल्यांनीं जो समाज स्थापिला, त्याचें नांव त्यांनीं सत्यशोधक ठेविलें. जें आपण आपल्या मनांतच निर्माण करतों, त्याचा शोध कोणी घेत नाहीं. शोध घ्यावयाचा तो आपल्याआधीं असलेल्या वस्तूचा.

ह्यावर एक पालक आम्हांस म्हणाले, “मास्तर, सत्य सत्य म्हणणाऱ्यांनींच जगांत सर्वांत जास्त डोकीं फोडलीं आहेत. त्यापेक्षां तुमच्या त्या मुलाचें सौजन्य बरें.” हा आक्षेप हलका नाहीं. परंतु आम्हांस असें दिसतें कीं, डोकें फोडणारा जो दुराग्रही, तो सत्याचा भक्त नसून स्वतःच्या खात्रीचा भक्त असतो. ‘मला वाटतें’ आणि ‘आहे’ ह्यांमधील अंतर त्यानें पुसून टाकलेलें असतें. ‘ज्याचें त्याचें खरें’ म्हणणाराहि तेंच अंतर पुसतो. फक्त तो हंसतमुखानें पुसतो. दोघांनाहि आपलें चुकूं शकतें हें मान्य नाहीं: एकाला अभिमानामुळें, दुसऱ्याला चूक ह्या शब्दाला त्याच्या मतांत अर्थच उरत नाहीं म्हणून. ज्या दिवशीं आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, त्या दिवशीं आमच्या मनाबाहेर कांहीं खरें होतें म्हणूनच क्षमा मागणें शक्य झालें. आमच्यापुरतें आमचें खरेंच असतें, तर क्षमा कशाची मागावयाची?

आम्ही ख्रिस्ताचे अनुयायी. पिलात सुभेदाराची गोष्ट आमच्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सत्य म्हणजे काय, असा प्रश्न त्यानें केला आणि उत्तरासाठीं न थांबतां तो बाहेर निघून गेला. तो प्रश्न विचारणें हें पाप नव्हे. त्याचा अपराध न थांबण्याचा. आणि त्याच्या त्या घाईची किंमत त्याला स्वतःला द्यावी लागली नाहीं. समोर उभ्या असलेल्या निरपराध्याला द्यावी लागली. संपूर्ण सत्य एका परमेश्वरालाच दिसतें, अशी आमची श्रद्धा आहे. आम्हां माणसांना तें तुकड्यांनीं दिसतें. ह्यावरून ‘सत्य नाहीं’ असें निघत नाहीं; ‘माझ्या तुकड्याशेजारीं दुसऱ्याचा तुकडा ठेवून पाहिला पाहिजे’ एवढेंच निघतें. ज्याची भाषा, धर्म किंवा बसण्याचा बाक आमच्याहून निराळा, त्याचा तुकडा तर अगत्यानें मागून घेतला पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एकच सुचवावेंसें वाटतें. कोणतेंहि विधान करण्यापूर्वीं स्वतःला विचारा: हें मला वाटतें, कीं हें आहे? वाटत असेल तर तसें म्हणा. त्यांत लाज नाहीं. आहे असें म्हणावयाचें असेल तर पुरावा शोधा आणि चुकल्यास तें कबूल करण्याची तयारी ठेवा. पालकांनींहि जेवतांना मुलांशीं बोलतांना हा प्रश्न अधूनमधून विचारावा, आणि मुलानें तो उलट विचारल्यास रागावूं नये. शिक्षकांना तर मुलांनीं तो अवश्य विचारावा. आम्हांस एकदां विचारला गेला आहे व त्याचा आम्हांस लाभच झाला.

तो कोश आतां नव्या बांधणीसह ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर आहे. ‘अर्ज’, ‘दाखल’, ‘खारीज’ हे शब्द ज्यांना पाहावयाचे असतील, त्यांनीं मधल्या सुट्टींत येऊन जरूर पाहावे. मात्र वहींत नांव लिहून मगच न्यावा, आणि तो कोणीं नेला हें आम्हांस ‘वाटूं’ देऊं नये.